शिकविले किती, उमगले किती?



शिक्षकाची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या पहिल्याच अंकात तो उपस्थित झाला आहे. अग्निमित्राच्या राजवाड्यात गणदास आणि हरदत्त असे दोन नाट्याचार्य आहेत. त्यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद निर्माण होतो आणि निवाड्याचे काम पंडिता कौशिकी या परिव्राजिकेकडे येते. कोणाची विद्या स्वतःपुरती उत्तम असते, तर कोणाजवळ ती दुसऱ्याच्या ठायी उतरविण्याचे कौशल्य असते. ही दोन्ही अंगे ज्याच्याजवळ असतील त्यालाच शिक्षकांमध्ये अग्रस्थान मिळावे, असा तिचा निकष आहे. म्हणून परीक्षा आचार्यांची असली, तरी प्रयोग शिष्यांचा होतो. शिवाय शिष्यांनी भरजरी वेषभूषा न करता रंगभूमीवर यावे, म्हणजे प्रत्येक हालचाल स्पष्ट दिसेल, अशी तिची सूचना आहे.

उच्च शिक्षणातील अध्यापनाच्या मूल्यमापनाविषयी गेल्या पन्नास वर्षांत जगभर जे संशोधन झाले, त्यातील बराचसा आशय या दोन अटींत सामावलेला आहे. पाहावयाचे ते शिष्याकडे, आणि पाहताना सजावट दूर ठेवावयाची. मात्र त्याच प्रसंगात एक इशाराही आहे. ही स्पर्धा मुळात घडवून आणली जाते ती विदूषकाच्या युक्तीने, राजाला मालविकेचे दर्शन व्हावे म्हणून. गणदासाची शिष्या मालविका नृत्य करते. तेवढ्यात मध्यान्ह झाल्याची वर्दी येते आणि हरदत्ताची पाळी राहून जाते. मूल्यमापनामागचा हेतू अध्यापनाबाहेरचा असला, की तो साधताच मूल्यमापन संपते. आपल्या महाविद्यालयांत आज जे मूल्यमापन चालते, त्याकडे या दृष्टीने पाहण्याची आवश्यकता आहे.

तास मोजणारी व्यवस्था

साताऱ्याला अध्यापनाच्या प्रश्नाची जुनी ओळख आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आणले. खेड्यापाड्यांतील मुलांसाठी वसतिगृहे आणि शाळा काढीत असतानाच, त्या शाळांत शिकवील कोण आणि कसे, याचाही विचार त्यांनी केला होता. १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ सुरू झाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळे हातात पैसा नसलेल्या मुलांना पदवीची वाट खुली झाली. १९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन उभे राहिले. प्राथमिक शिक्षकाला घडवावे लागते आणि माध्यमिक शिक्षकालाही घडवावे लागते, हे या क्रमावरून स्पष्ट होते.

महाविद्यालयीन शिक्षकाच्या बाबतीत मात्र देशाने वेगळे गृहीत धरले. विषयाची पदव्युत्तर पदवी आणि त्याबरोबर नेट किंवा सेट परीक्षा, अथवा पीएच.डी., एवढ्यावर माणूस वर्गात उभा राहतो. नेट परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनक्षमतेवर प्रश्न असतात, हे खरे. परंतु ते चार पर्यायांतून एक निवडण्याचे प्रश्न आहेत. फळ्यासमोर उभे राहून एखादी संकल्पना समजावून देण्याची परीक्षा त्यात होत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे’ काढली. त्यांची नावे पुढे दोनदा बदलली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. तेथील उद्बोधन आणि उजळणी वर्ग उपयुक्त असतात. तथापि ते नियुक्तीनंतर होतात आणि त्यांचे प्रमाणपत्र पदोन्नतीशी जोडलेले असल्याने, पुष्कळांचे लक्ष शिकण्यापेक्षा प्रमाणपत्राकडे राहते.

अपवाद आहे तो वैद्यकीय शिक्षणाचा. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून कार्यरत आहे. कराडलाही वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र आहे. अशा महाविद्यालयांतील अध्यापकाला अध्यापनशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केल्याखेरीज वरच्या पदावर जाता येत नाही. २०१९ पासून तेथे क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला आहे. विद्यार्थ्याला रक्तदाब मोजण्याची पद्धत पाठ आहे का, एवढे पाहून तेथे भागत नाही. तो समोरच्या माणसाचा रक्तदाब नीट मोजतो का, हे पाहिले जाते. शरीराशी गाठ असल्यामुळे वैद्यकाने हे फार लवकर ओळखले. इतिहास, वाणिज्य किंवा भौतिकशास्त्र शिकविणाऱ्याकडून अशी अपेक्षा अद्याप कोणी केलेली नाही.

मग त्यांचे मूल्यमापन होते तरी कशाचे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत त्याचे उत्तर आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक तास घेतले, तर अध्यापन ‘चांगले’, ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान घेतले, तर ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. तास बुडविणाऱ्याला चाप बसावा, हा यामागचा उद्देश रास्तच आहे. परंतु तासाला हजर राहणे ही अध्यापनाची पूर्वअट झाली. त्या तासात समोरच्या मुलांच्या डोक्यात काय घडले, याविषयी हा निकष काहीच सांगत नाही.

‘नॅक’ची स्थापना १९९४ ची. २०१७ मध्ये तिने नवा आराखडा आणला. त्यात संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १००० गुणांपैकी ३५० गुण ‘अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन’ या निकषाला दिले गेले. हा भार योग्यच म्हणावा लागेल. पण त्या ३५० गुणांच्या पोटात काय आहे? भरलेल्या जागा, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, पीएच.डी.धारक शिक्षकांची संख्या, उत्तीर्णांचे प्रमाण आणि विद्यार्थ्यांचे समाधान-सर्वेक्षण. यांतील प्रत्येक आकडा गोळा करता येतो, म्हणून तो मागितला जातो. ‘नॅक’पूर्वी कोणी काही विचारीतच नव्हते आणि नोंदी ठेवण्याची सवय तिच्यामुळेच लागली, हे मान्य केले पाहिजे. परंतु समिती येणार म्हटल्यावर भिंतींना रंग लागतो, फायलींना नवी कव्हरे चढतात आणि दोन महिने अध्यापन बाजूला ठेवून अध्यापनाचे पुरावे तयार केले जातात, हेही येथे बसलेल्यांपैकी कोणाला सांगावयास नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर आंध्र प्रदेशातील एका तपासणीच्या संदर्भात, लाच घेतल्याच्या आरोपावरून ‘नॅक’च्या तपासणी समितीतील सदस्यांना सीबीआयने अटक केली. श्रेणी हाच हेतू झाला, की तिच्यासाठी काय काय मोजले जाऊ शकते, याचे हे टोकाचे उदाहरण आहे.

आवडणे आणि उमगणे

विद्यार्थ्यांनाच विचारावे, त्यांच्याइतका खरा साक्षीदार कोण, असा एक विचार पुढे येतो. तो सरळ आणि लोकशाहीला धरून वाटतो. संशोधन मात्र येथे सावध करते.

१९७० मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग केला. मायकेल फॉक्स नावाच्या नटाला त्यांनी ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आणि अन्य शिक्षितांच्या सभेपुढे उभे केले. विषय गणित आणि मानवी वर्तन यांच्या संबंधाचा. नटाला विषयाचा गंध नव्हता. भाषण परस्परविरोधी आणि अर्थशून्य विधानांनी भरलेले होते. मात्र वक्तृत्व प्रसन्न, मिस्कील आणि आत्मविश्वासाचे होते. श्रोत्यांनी त्याच्याविषयी अनुकूल अभिप्राय दिला. १९७३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून अभिप्रायपत्रकांच्या चर्चेत त्याची आठवण काढली जाते.

पुढचा पुरावा अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही. तुकड्या यदृच्छया पाडल्या जातात आणि साऱ्या तुकड्यांची परीक्षा एकच असते. त्यामुळे एका शिक्षकाची दुसऱ्याशी तुलना करण्यास ती जागा आदर्श ठरते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी तेथील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांना त्याच विषयात चांगले गुण पडत, त्यांना अभिप्रायही चांगले मिळत. परंतु याच विद्यार्थ्यांची कामगिरी पुढच्या, त्या विषयावर आधारलेल्या अभ्यासक्रमांत खालावलेली आढळली. उलट ज्यांनी विषय खोलवर रुजविला, त्यांचे श्रेय पुढच्या वर्षी दिसले. तोपर्यंत अभिप्रायपत्रके भरून झालेली होती. २०१७ मध्ये उट्ल आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि त्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांत म्हणण्यासारखा संबंध उरत नाही, असे त्यांना दिसून आले.

२०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गावर झालेला प्रयोग तर प्रत्येक प्राध्यापकाने लक्षात ठेवावा असा आहे. एका गटाने अनुभवी वक्त्याचे रेखीव व्याख्यान ऐकले. दुसऱ्या गटाने तोच मजकूर लहान लहान गटांत उदाहरणे सोडवीत, अडखळत शिकला. दुसरा गट चाचणीत सरस ठरला. पण आपण कमी शिकलो, अशी भावनाही त्याच गटाची होती. डोक्याला ताण पडला, की विद्यार्थ्याला ते न समजल्याचे लक्षण वाटते. वस्तुतः तो ताण म्हणजेच शिकण्याची क्रिया असते.

याचा अर्थ विद्यार्थ्यांना विचारूच नये, असा नव्हे. शिक्षक वेळेवर येतात का, मागच्या बाकापर्यंत ऐकू येते का, तपासलेल्या वह्या परत मिळतात का, शंका विचारली तर अपमान होतो का, हे विद्यार्थ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ते त्याला अवश्य विचारावे. शिक्षकाचे विषयज्ञान कसे आहे, याला पाचपैकी किती गुण द्याल, असे मात्र त्याला विचारू नये. ज्याला तो विषय अजून यावयाचा आहे, त्याने त्याचे उत्तर द्यावे तरी कशाच्या आधारावर?

एरिक माझुर यांचा अनुभव

हार्वर्डमध्येच एरिक माझुर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९९० च्या सुमारास स्वतःच्या वर्गाविषयी समाधानी होते. विद्यार्थी अवघड गणिते सोडवीत आणि अभिप्रायही उत्तम देत. डेव्हिड हेस्टेनिस आणि इब्राहिम हलौन यांनी अ‍ॅरिझोनात तयार केलेली, आकडेमोड नसलेली एक साधी संकल्पना-चाचणी त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी ती वर्गाला दिली. प्रश्न दैनंदिन अनुभवातले होते: जड ट्रकची हलक्या मोटारीला धडक बसली, तर कोणावर अधिक बल लागते, अशा धर्तीचे. चाचणी हाती पडताच एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे तुम्ही शिकविलेत त्याप्रमाणे लिहू, की आम्हाला स्वतःला वाटते तशी? तिच्या डोक्यात दोन भौतिकशास्त्रे शेजारी शेजारी नांदत होती. एक परीक्षेचे आणि दुसरे खरे. निकालाने माझुर यांना धक्का बसला आणि त्यांनी अध्यापनाची पद्धतच बदलली. थोडे सांगावयाचे, मग एक नेमका प्रश्न टाकावयाचा, प्रत्येकाने स्वतःचे उत्तर नोंदवावयाचे, शेजाऱ्याला ते पटवून द्यावयाचे आणि पुन्हा नोंदवावयाचे, असा तिचा क्रम आहे.

अशा पद्धती गुणकारी ठरतात का? २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यास एकत्र करून याचे उत्तर शोधले. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत सरासरी ३४ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण होत होते. ज्या वर्गांत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम करावे लागले, तेथे हे प्रमाण २२ टक्के होते. शंभरांच्या वर्गात हा फरक बारा मुलांचा होतो. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलांचा विचार केला, तर या बारांत कोणाची नावे असतील, हे वेगळे सांगावयास नको. शिकवणी लावण्याची ऐपत असलेला मुलगा वाईट अध्यापनातूनही तरून जातो. ज्याला वर्गाशिवाय दुसरा आधार नाही, तो बुडतो आणि गावी परतताना दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. अध्यापनाच्या मूल्यमापनाचा प्रश्न गंभीर आहे, तो या मुलांमुळे.

परदेशातील वर्ग लहान असतात, आपल्याकडे ते जमणार नाही, असे यावर म्हटले जाते. मुंबईच्या आयआयटीत शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात संगणक-प्रोग्रामिंग शिकविताना ‘आधी स्वतः विचार करा, मग जोडीदाराशी बोला, नंतर वर्गापुढे मांडा’ हा क्रम वापरला गेला आणि २०१३ मध्ये त्याचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. या क्रमात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. त्यासाठी कोणतेही खर्चिक उपकरण लागले नाही. विद्यार्थ्याच्या शेजारी विद्यार्थी बसलेला असतोच.

साखराळ्याचे त्रैमासिक

हे सारे संशोधन दूरदेशी किंवा महानगरांत झाले, असे वाटू नये. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील साखराळे येथे, राजारामनगरच्या परिसरात, कासेगाव एज्युकेशन सोसायटीची ‘राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ ही संस्था १९८३ पासून उभी आहे. ऊसपट्ट्यातील या संस्थेकडून ‘जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स’ हे त्रैमासिक प्रसिद्ध होते. अभियांत्रिकी कशी शिकवावी, या एकाच विषयाला ते वाहिलेले आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या भारत-अमेरिका सहयोगातून अभियांत्रिकी अध्यापनाच्या ज्या वार्षिक परिषदा भरतात, त्यांतील निबंधही त्यात येतात. देशभरातील महाविद्यालयांचे प्राध्यापक स्वतःच्या वर्गावर केलेले प्रयोग त्यात मांडतात. एखादी पद्धत बदलली, आधी आणि नंतर चाचणी घेतली, काय आढळले ते लिहिले, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. सर्वच निबंध सारख्या तोलाचे नसतात. कोणत्याही नियतकालिकात ते नसतातच. परंतु स्वतःचा वर्ग हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, हा विचार येथे मुद्रित रूपात उभा आहे, आणि तो आपल्या शेजारी उभा आहे.

अभियांत्रिकीला ही निकड का भासली, याचे एक कारण बाहेरचे आहे. २०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला आणि अभियांत्रिकी अभ्यासक्रमांच्या मान्यतेसाठी अध्ययन-निष्पत्तीचा पुरावा द्यावा लागू लागला. पदवीधराला काय येते, ते दाखवा, अशी ही मागणी आहे. तिचे बाह्य अंग लगेच अंगीकारले गेले. अमुक निष्पत्ती तीनपैकी २.४ इतकी साध्य झाली, असे तक्ते आता संगणकावर चटकन तयार होतात. परंतु तो २.४ चा आकडा ज्या प्रश्नपत्रिकेवरून निघाला, ती पाठांतर तपासणारी असेल, तर तक्ता कितीही सुबक असला तरी तो वेषभूषाच ठरतो. साखराळ्याच्या त्रैमासिकातील चांगल्या निबंधांत आणि अशा तक्त्यांत फरक आहे तो प्रश्न विचारणाऱ्याचा. तक्ता समिती मागते म्हणून भरला जातो. प्रयोग शिक्षकाला स्वतःला उत्तर हवे असते म्हणून केला जातो.

कलाशाखेत हे कसे जमावे?

साहित्य आणि इतिहास यांचे मोजमाप कसे करावे, असा आक्षेप येथे साहजिक आहे. एक उदाहरण घ्यावे. १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सातारचे राज्य खालसा केले. साताऱ्यातील कोणत्याही कला महाविद्यालयातला विद्यार्थी हे साल, डलहौसीचे नाव आणि दत्तक नामंजुरीचे तत्त्व लिहू शकेल; त्याला गुणही मिळतील. आता घटक शिकविण्याआधी आणि शिकविल्यानंतर त्याला एक वेगळा प्रश्न द्यावा: झाशीच्या प्रकरणातील वस्तुस्थिती दहा ओळींत पुढे आहे, साताऱ्याच्या प्रकरणात कंपनीने वापरलेला युक्तिवाद येथे कसा वापरला जाईल आणि दत्तक वारसाच्या बाजूने त्याचे खंडन कसे करता येईल, ते लिहावे. ही उत्तरे टिपणवहीत सापडणार नाहीत. नावे झाकून दोन सहकाऱ्यांनी ती ठरलेल्या चार कसोट्यांवर तपासावीत. आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांतील अंतर म्हणजे त्या शिक्षकाचे त्या घटकापुरते अध्यापन. ते पूर्ण सत्य नव्हे. परंतु घेतलेल्या तासांच्या टक्केवारीपेक्षा सत्याच्या पुष्कळ जवळचे आहे.

अंतर पाहण्याचा आणखी एक लाभ आहे. समजा, शहरातील एका महाविद्यालयात प्रवेश घेताना मुलांची सरासरी ७० होती आणि बाहेर पडताना ती ७८ झाली. दुष्काळी तालुक्यातील दुसऱ्या महाविद्यालयात ती ३५ वरून ६० वर गेली. निकालाच्या तक्त्यात पहिले महाविद्यालय वर राहील आणि अभिनंदनाचे फलकही तेथेच लागतील. अध्यापन मात्र कोठे घडले, हे उघड आहे. आपली मूल्यमापन-व्यवस्था आरंभबिंदू विचारीत नाही, म्हणून जतमधल्या मेहनती शिक्षकाचे काम तिला दिसत नाही. हा त्या शिक्षकावर अन्याय आहेच. शिवाय चांगली अध्यापनपद्धती कोठे शोधावी, हेही त्यामुळे आपल्याला कळेनासे होते.

याच संदर्भात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची आठवण ठेवणे भाग आहे. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि पदवीच्या वर्गांचा मोठा भार हे अध्यापक वाहतात. त्यांना मोबदला तासावर मिळतो. पुढच्या जूनमध्ये काम असेल की नाही, याची त्यांना खात्री नसते. एका वर्गाला त्यांनी तीन वर्षे सलग पाहावे आणि पद्धत सुधारीत न्यावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? अध्यापन सुधारण्याच्या कोणत्याही योजनेचा आरंभ पदे भरण्यापासून व्हावयास हवा, हे शासनाला स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. तोपर्यंत जे काही उपक्रम महाविद्यालये करतील, त्यांत या अध्यापकांना पूर्ण स्थान असावे.

जूनपासून करण्याजोगे

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांकडे यासाठी पायाभूत बळ आहे. फर्ग्युसनची परंपरा सांगणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे सांगलीतील विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे, म्हणजे रयतचे समवयस्क. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते आणि २००७ पासून ते स्वायत्त आहे. साताऱ्यात रयतची तीन महाविद्यालये एकत्र येऊन २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. उर्वरित महाविद्यालयांना १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे छत्र आहे. जेथे स्वायत्तता आहे, तेथे प्रश्नपत्रिका स्वतःच्या हाती आहे. पाठांतराऐवजी आकलन तपासणारे प्रश्न घालण्यास तेथे कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

त्यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक विभागाने वर्षाला एकच घटक निवडावा, त्याची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घ्यावी आणि जे दिसले ते चार पानांत लिहून ठेवावे. फसलेला प्रयोगही लिहावा. शेजारच्या महाविद्यालयाला त्याचाच अधिक उपयोग होईल. दुसरी, सहकाऱ्याने सहकाऱ्याच्या वर्गात बसावे. शल्यचिकित्सक एकमेकांच्या शस्त्रक्रिया पाहतात, गायक एकमेकांच्या मैफलींना बसतात. प्राध्यापक मात्र तीस-तीस वर्षे बंद दाराआड शिकवितात आणि दुसऱ्या कोणाचे शिकविणे त्यांनी कधी पाहिलेले नसते. सत्रातून दोनदा, पूर्वसूचना देऊन, पाहणाऱ्याने शिक्षकाकडे कमी आणि विद्यार्थ्यांकडे अधिक पाहावे: कोण लिहीत आहे, कोण केवळ उतरवून घेत आहे, कोण हरवले आहे. तिसरी, जिल्ह्यातील महाविद्यालयांनी या नोंदी वर्षातून एकदा मराठीत एकत्र छापाव्यात. अभियांत्रिकीचे त्रैमासिक इंग्रजीत निघते. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांसाठी मराठीत असे साधन उभे राहिले, तर ते राज्याला उपयोगी पडेल.

या सर्वांना एक अट आहे आणि ती संस्थाचालकांनी पाळावयाची आहे. सुधारणेसाठी केलेली नोंद बढतीच्या किंवा कारवाईच्या फायलीत जाता कामा नये. ज्या दिवशी ती तेथे जाईल, त्या दिवसापासून प्रत्येक प्रयोग यशस्वी होऊ लागेल, आणि त्यानंतर त्यातून कोणाला काही शिकावयास मिळणार नाही. पदोन्नतीसाठी लागणारे मूल्यमापन वेगळे असावे. तेही असले पाहिजे. कारण वर्गाकडे पाठ फिरविणाऱ्या शिक्षकाला पाठीशी घालणे हा इतर शिक्षकांवर आणि विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. परंतु दोन कामांसाठी दोन वह्या ठेवाव्यात.

वेळ कोठून आणावयाचा, असा प्रश्न शेवटी राहतो. एका घटकाच्या दोन चाचण्या आणि दोन तासांचे निरीक्षण यांना जेवढा वेळ लागेल, त्याच्या कितीतरी पट वेळ समितीच्या फायली रंगविण्यात जातो. त्यातला थोडा वेळ इकडे वळविला, तर येत्या वर्षी साताऱ्यातील एखाद्या इतिहासाच्या शिक्षकाला आणि सांगलीतील एखाद्या भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेला आपल्या वर्गाविषयी आज नसलेली एक गोष्ट नक्की ठाऊक असेल: मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला काय कळले आणि काय कळले नाही. ती कळल्यावर पुढे काय करावयाचे, हे चांगल्या शिक्षकाला कोणी सांगावे लागत नाही.